आलेखात चिनी अक्षरांच्या जागी चौकोन: कारण ओळखा, मग उपाय करा

कोड बिनतक्रार चालतो. रेषा, स्तंभ, ठिपके सगळं जागच्या जागी येतं. पण शीर्षकात, अक्षांच्या नावांत आणि लेजंडमध्ये चिनी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग दिसते. नेटवर शोधलं की दोन ओळींचा तयार उपाय मिळतो: पहिली ओळ सिमहेई हा चिनी फॉन्ट लावते, दुसरी ऋण चिन्हाच्या जागी साधा डॅश वापरायला सांगते. तो चिकटवला की बहुतेक वेळा अक्षरं दिसू लागतात आणि माणूस पुढच्या कामाला लागतो. मग लायब्ररीची आवृत्ती बदलते, तोच कोड सर्व्हरवर चढतो, किंवा सहकाऱ्याच्या मॅकवर उघडतो, आणि चौकोन परत येतात.

ही अडचण वारंवार उद्भवते, कारण तो दोन ओळींचा उपाय एकाच कारणावर आणि एकाच प्रकारच्या मशीनवर लागू पडतो. मुळात कारणं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचं लक्षणही वेगळं दिसतं. म्हणून आधी लक्षण नीट बघायचं, मगच सेटिंगला हात लावायचा. खाली मुख्यतः मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीबद्दल लिहिलं आहे, कारण हा त्रास सर्वाधिक तिथेच होतो. आर, न्यूप्लॉट, मॅटलॅब आणि प्लॉटली यांच्याबद्दलही पुढे आहे.

नेमकं काय दिसतंय?

सारख्या आकाराचे रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त निवडलेल्या फॉन्टमध्ये ती अक्षरं नाहीत. प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मजकूर वाटेतच कुठेतरी हरवला आहे. कुठल्या तरी टप्प्यावर तो अशा एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, बदलला गेला ज्यात चिनी अक्षरांना जागाच नव्हती, आणि अशा वेळी फॉन्ट बदलून काहीही होणार नाही. अक्षरं चिनीच आहेत पण वाक्य निरर्थक आहे, किंवा वर टिंबं-टोप्या असलेली युरोपीय अक्षरं दिसत आहेत, तर फाइल चुकीच्या एन्कोडिंगने वाचली गेली आहे. सगळं बरोबर आणि फक्त ऋण संख्यांच्या आधीचं चिन्ह चौकोन झालं असेल तर ती वेगळीच गोष्ट आहे, तिच्याबद्दल पुढे सांगतो. आणि शंभर अक्षरांत एखाद-दुसराच चौकोन असेल तर फॉन्ट चिनी आहे खरा, पण त्याचा संग्रह अपुरा आहे.

डोळ्यांनी खात्री होत नसेल तर दोन छोट्या चाचण्या करा. मी कुणालाही मदत करताना आधी याच करायला सांगतो.

पहिली चाचणी: आलेखाचं शीर्षक फाइलमधून न घेता युनिकोड क्रमांकावरून तयार करा. पायथनमध्ये सीएचआर या फंक्शनला २००१३ हा आकडा दिला की 'मध्य' या अर्थाचं चिनी अक्षर मिळतं. तेच शीर्षक म्हणून टाका. अक्षर नीट उमटलं तर फॉन्ट ठीक आहे आणि दोष डेटा वाचण्यात आहे. चौकोन आला तर दोष फॉन्टमध्ये आहे. एका मिनिटात निम्मी शक्यता बाद होते.

दुसरी चाचणी: दोन चिनी अक्षरांचा एखादा शब्द, समजा एका शहराचं नाव, डेटामधून उचला आणि त्याची लांबी मोजा. उत्तर २ यायला हवं. ३ आलं तर यूटीएफ-८ (युनिकोडचं नेहमीचं एन्कोडिंग) मधली फाइल जीबीके (चीनमधलं जुनं एन्कोडिंग) समजून वाचली गेली आहे, कारण यूटीएफ-८ मध्ये नेहमीच्या चिनी अक्षराला ३ बाइट लागतात, जीबीकेमध्ये २, आणि त्या ६ बाइटांची दोन-दोनच्या हिशेबाने तीन अक्षरं झाली. ६ आलं तर यूटीएफ-८ ची फाइल लॅटिन-१, म्हणजे युरोपीय अक्षरांचं एन्कोडिंग, समजून वाचली. ४ आलं तर जीबीकेची फाइल लॅटिन-१ म्हणून वाचली. लांबीचा हा एक आकडा तुम्हाला फाइलचा सगळा प्रवास सांगतो.

फॉन्टचा दोष

मॅटप्लॉटलिबच्या २.० आवृत्तीपासून त्याचा मूळ फॉन्ट डेजावू सॅन्स आहे. लॅटिन, ग्रीक, सिरिलिक आणि पुष्कळ गणिती चिन्हं त्यात आहेत, चिनी अक्षरं नाहीत. चिनी अक्षरांचा मुख्य युनिकोड विभाग १९९६८ या क्रमांकापासून सुरू होतो आणि त्यात सुमारे २१ हजार जागा आहेत. एवढा संग्रह मावणाऱ्या फॉन्टची फाइल कित्येक एमबींची होते, त्यामुळे लायब्ररीसोबत ती येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असेल तो फॉन्ट तुम्हीच सांगावा अशी अपेक्षा असते.

अशा वेळी टर्मिनलवर दोन प्रकारचे इशारे येतात आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. 'ग्लिफ २००१३ फॉन्टमध्ये नाही' (ग्लिफ म्हणजे फॉन्टमधला अक्षराचा आकार) असा इशारा आला तर फॉन्ट सापडला, पण त्यात ते अक्षर नव्हतं. 'फाइंडफॉन्ट' या शब्दाने सुरू होणारा आणि 'अमुक फॅमिली सापडली नाही' असं म्हणणारा इशारा आला तर तुम्ही लिहिलेल्या नावाचा फॉन्टच मिळाला नाही आणि लायब्ररी गुपचूप डेजावूवर परत गेली. नव्या आवृत्त्यांत पहिल्या इशाऱ्यात प्रत्यक्ष वापरलेल्या फॉन्टचं नावही छापलं जातं. ते नाव जरूर वाचा. तिथे डेजावू सॅन्स दिसलं तर तुमची सेटिंग लागूच झालेली नाही.

कोणता फॉन्ट सांगायचा, हे सिस्टिमवर अवलंबून आहे. विंडोजवर सिमहेई आणि मायक्रोसॉफ्ट याहेई. मॅकवर पिंगफांग एससी, हेइटी टीसी, सोंगटी एससी, हिरागिनो सॅन्स जीबी किंवा एरियल युनिकोड एमएस. लिनक्सवर बसवलं असेल तर वेनक्वानयी मायक्रो हेई किंवा नोटो सॅन्स सीजेके. नेटवर मिळणाऱ्या उपायांत जवळजवळ नेहमी सिमहेई लिहिलेलं असतं. मॅकवर आणि लिनक्सवर तो फॉन्ट मुळात नसतोच, आणि 'माझ्याकडे चालतं, तुझ्याकडे का नाही' हा वाद तिथूनच सुरू होतो.

नाव लिहितानाही घोटाळा होतो. फाइलचं नाव आणि फॉन्टच्या फॅमिलीचं नाव एक नसतं. याहेईच्या फाइलचं नाव नुसतं एमएसवायएच आहे, पण सेटिंगमध्ये पूर्ण 'मायक्रोसॉफ्ट याहेई' हवं, मध्ये जागा सोडून. अंदाजाने नाव लिहू नका. फॉन्ट-मॅनेजरच्या टीटीएफ-लिस्ट या यादीतून सगळी नावं छापून घ्या आणि जे दिसेल तेच जसंच्या तसं उचला. आणखी एक उपयोगी सवय: फाइंडफॉन्ट हे फंक्शन स्वतः चालवून बघा आणि त्यात 'फॉलबॅक टू डिफॉल्ट' हा पर्याय फॉल्स करा. मग फॉन्ट न मिळाल्यास ते डेजावूची वाट न धरता सरळ एरर देतं.

नवा फॉन्ट बसवला, नावही बरोबर आहे, तरी यादीत दिसत नाही? मॅटप्लॉटलिब फॉन्टची यादी एकदा तयार करून एका जेसन फाइलमध्ये जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच वाचतं. कॅश-फोल्डर कुठे आहे ते गेट-कॅशडिर या फंक्शनने विचारा, त्यातली 'फॉन्टलिस्ट'ने सुरू होणारी फाइल तेवढी पुसा आणि पायथन बंद करून पुन्हा सुरू करा. ज्युपिटर नोटबुकमध्ये काम करत असाल तर कर्नल रीस्टार्ट केल्याशिवाय फरक पडणार नाही. जुन्या लेखांत अंडरस्कोर-रिबिल्ड नावाचं फंक्शन चालवायला सांगितलेलं असतं. ते अंतर्गत वापराचं होतं आणि आता काढून टाकलं आहे. ती ओळ एरर देत असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही.

लिनक्सवरचा टीटीसीचा पेच

यावर जरा थांबतो, कारण इथे लोक दिवस घालवतात. डेबियन किंवा उबुंटूवर फॉन्ट्स-नोटो-सीजेके हे पॅकेज बसवलं. एफसी-लिस्टमध्ये, म्हणजे लिनक्सच्या फॉन्टयादीत, नोटो सॅन्स सीजेके एससी, टीसी, जेपी, केआर अशी सगळी नावं दिसतात. एससी म्हणजे सरलीकृत चिनी, टीसी म्हणजे पारंपरिक चिनी. म्हणून सेटिंगमध्ये एससी लिहिलं, आणि मॅटप्लॉटलिब म्हणतं, सापडला नाही.

कारण असं की हे सगळे फॉन्ट एकाच टीटीसी फाइलमध्ये बांधलेले असतात, आणि मॅटप्लॉटलिब बराच काळ अशा गठ्ठ्यातला फक्त पहिला फॉन्ट वाचत आलं आहे. नोटोच्या गठ्ठ्यात पहिला आहे जेपी, म्हणजे जपानी. तुमच्या आवृत्तीत काय होतं ते टीटीएफ-लिस्ट छापून कळेल. फक्त जेपी दिसत असेल तर तेच नाव दिल्यावर चौकोन जातात, कारण त्या फाइलमध्ये चिनी अक्षरंही आहेत, आणि बरेच जण इथेच समाधान मानतात.

मला हे पुरेसं वाटत नाही. युनिकोडने चिनी, जपानी आणि कोरियन लिपींमधल्या सामाईक अक्षरांना एकच क्रमांक दिला आहे, पण त्यांचं वळण देशागणिक वेगळं आहे. 'सरळ' या अर्थाचं अक्षर, क्रमांक ३०४५२, किंवा 'हाड' या अर्थाचं, क्रमांक ३९५९२, जपानी फॉन्टमध्ये आणि मुख्य भूमीच्या चिनी फॉन्टमध्ये शेजारी शेजारी ठेवून पाहा. फरक उघड आहे. चिनी वाचकाला असा आलेख वाचता येतो, पण तो परक्या वळणाचा आहे हे त्याला लगेच जाणवतं. ज्यांच्यासाठी आपण आलेख काढतो त्यांची लिपी त्यांच्या वळणाने उमटली पाहिजे. त्यासाठी गठ्ठा सोडून फक्त एससीची स्वतंत्र ओटीएफ फाइल घ्या. ती नोटो सॅन्स एससी किंवा सोर्स हान सॅन्स एससी या नावाने मिळते. तैवान किंवा हाँगकाँगच्या वाचकांसाठी अर्थातच त्यांची त्यांची फाइल.

मात्र घेताना व्हेरिएबल फॉन्ट घेऊ नका. गूगल फॉन्ट्सवरून उतरवलेल्या संचात सगळ्या जाड्या एकाच फाइलमध्ये असतात. मॅटप्लॉटलिबला त्यातली जाडी निवडता येत नाही, ते मूळ जाडी उचलतं, आणि नोटो सॅन्स एससीमध्ये ती सर्वांत बारीक आहे. अक्षरं दिसतात, पण इतकी फिकट की छपाईत पुसट होतात. नावात 'रेग्युलर' असलेली स्थिर फाइल घ्या. ठळक शीर्षक हवं असेल तर 'बोल्ड'ची वेगळी फाइलही सोबत लागेल, कारण मॅटप्लॉटलिब स्वतःहून अक्षर जाड करत नाही. सिमहेईला एकच जाडी आहे, म्हणून त्याच्याबरोबर बोल्ड लिहून काहीच बदलत नाही.

ऋण चिन्हाचा चौकोन

चिनी अक्षरं आली, पण अक्षावर उणे पाचच्या आधी चौकोन. मॅटप्लॉटलिब अक्षावरच्या आकड्यांसाठी कीबोर्डवरचा आडवा डॅश वापरत नाही. ते युनिकोडमधलं खरं वजाबाकीचं चिन्ह, क्रमांक ८७२२, वापरतं. सिमहेईमध्ये ते नाही. म्हणूनच प्रसिद्ध दोन ओळींतली दुसरी ओळ ॲक्सेस-युनिकोड-मायनस फॉल्स करते, म्हणजे साधा डॅश वापरायला सांगते. चालतं, पण डॅश आखूड असतो आणि आकड्याजवळ खुपतो.

३.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, त्याहून चांगला मार्ग आहे. आता एकामागून एक फॉन्ट सांगता येतात आणि प्रत्येक अक्षरासाठी लायब्ररी यादीत पुढे पुढे शोधत जाते. पहिला डेजावू सॅन्स, दुसरा चिनी फॉन्ट, असा क्रम द्या. आकडे, लॅटिन अक्षरं आणि वजाबाकीचं चिन्ह डेजावूतून येतील आणि चिनी अक्षरं दुसऱ्यातून. एकाही चिन्हाशी तडजोड करावी लागत नाही.

फक्त ही नावं कुठे लिहायची ते महत्त्वाचं आहे. ती थेट फॉन्ट-डॉट-फॅमिली या सेटिंगमध्ये यादी म्हणून द्या. लोक सवयीने फॉन्ट-डॉट-सॅन्ससेरिफ या सेटिंगमध्ये देतात. तिथे ती यादी 'यातला जो पहिला सापडेल तो एक' अशी वाचली जाऊ शकते. मग डेजावू आधी असला की चिनी अक्षरं जातात आणि सिमहेई आधी असला की वजाबाकीचं चिन्ह जातं. ३.६ च्या आधीच्या आवृत्त्यांत तर अक्षरागणिक शोध नव्हताच, त्यामुळे जुनी आवृत्ती चालवत असाल तर त्या दोन ओळींना पर्याय नाही.

सेटिंग लावली, पण नाहीशी झाली

मॅटप्लॉटलिबवर चालणाऱ्या सीबॉर्न लायब्ररीचं सेट-थीम किंवा मॅटप्लॉटलिबचं स्टाइल-यूज हे फॉन्टची सेटिंगही बदलतात. आधी फॉन्ट लावून नंतर थीम लावली तर थीमचा एरियल-डेजावूचा संच तुमच्या यादीवर बसतो. क्रम उलटा करा: आधी थीम, मग फॉन्ट, मग आलेख. नोटबुकमध्ये पेशी (कोडचे सुटे तुकडे) वर-खाली चालवल्या की हा क्रम नकळत बिघडतो आणि अडचण कधी येते, कधी येत नाही असं वाटू लागतं. दोष कधीमधी येतो म्हटलं की मी पहिल्यांदा हाच क्रम तपासतो.

शब्दमेघ काढणारी वर्डक्लाउड लायब्ररी मॅटप्लॉटलिबची सेटिंग बघतच नाही. तिला फॉन्ट-पाथमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. डॉलर चिन्हांमधला गणिती मजकूर वेगळ्या फॉन्टसंचातून येतो, म्हणून चिनी शब्द डॉलरच्या बाहेर ठेवा आणि सूत्र तेवढं आत. पूर्ण लेटेक वापरत असाल तर नेहमीच्या मार्गाने चिनी उमटणार नाही. त्यासाठी पीजीएफ बॅकएंड, झीलेटेक आणि झी-सीजेके पॅकेज असा रस्ता आहे.

परत येऊ नये यासाठी

मशीनवर कोणता फॉन्ट असेल यावर अवलंबून राहणं सोडा. फॉन्टची फाइल प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवा. मॅटप्लॉटलिबच्या ३.२ पासून फॉन्ट-मॅनेजरला ॲडफॉन्ट हे फंक्शन आहे. त्याला फाइलचा पत्ता दिला की कॅश, सिस्टिम, ॲडमिनची परवानगी यांतलं काहीच आड येत नाही. फॅमिलीचं नावही हाताने लिहू नका. फॉन्ट-प्रॉपर्टीज त्याच फाइलवरून तयार करा आणि गेट-नेमने नाव विचारून सेटिंगमध्ये टाका. हे सगळं एका लहानशा मॉड्यूलमध्ये ठेवा आणि प्रत्येक स्क्रिप्टमध्ये थीम लावल्यानंतर ते बोलवा. विंडोज, मॅक, कंटेनर, सगळीकडे आलेख सारखाच येईल.

फाइल कोणती ठेवायची यात परवान्याचा प्रश्न आहे, आणि तो टाळू नये. सिमहेई, याहेई, पिंगफांग हे मालकीचे फॉन्ट आहेत. ते सिस्टिमसोबत वापरायला मिळतात, सार्वजनिक रेपॉझिटरीत ठेवायला नाही. सोर्स हान सॅन्स आणि नोटो सॅन्स सीजेके हे ॲडोबी आणि गूगल यांनी मिळून २०१४ मध्ये आणलेलं एकच काम आहे, दोन नावांनी. आज ते एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतं. ते सोबत देता येतं, फक्त परवान्याची फाइलही शेजारी ठेवा.

सर्व्हरवर आलेख आपोआप तयार होत असतील तर एक पहारा बसवा. ग्लिफ नसल्याचा इशारा हा पायथनचा नेहमीचा वॉर्निंग आहे, तेव्हा चाचण्यांमध्ये 'ग्लिफ' शब्दाने सुरू होणाऱ्या वॉर्निंगला एररमध्ये बदला. चौकोनवाला अहवाल वाचकाकडे जाण्याआधी काम थांबेल. फाइंडफॉन्टचा इशारा मात्र लॉगिंगमधून येतो, त्याला हा पहारा लागू होत नाही. त्याच्यासाठी वर सांगितलेला फॉलबॅक बंद करण्याचा मार्ग वापरा.

एखादंच अक्षर चौकोन

१९८० च्या जीबी २३१२ या मानकात ६,७६३ चिनी अक्षरं होती, आणि नावात जीबी२३१२ असलेले जुने फॉन्ट तेवढीच देतात. पारंपरिक अक्षरं, गावांची जुनी नावं, माणसांच्या नावांतली दुर्मीळ अक्षरं त्यात सापडत नाहीत. युनिकोडच्या विस्तार-बी विभागातच ४२ हजारांहून अधिक अक्षरं आहेत. एका ओपनटाइप फॉन्टमध्ये ६५,५३५ पेक्षा जास्त ग्लिफ मावत नाहीत, म्हणजे सगळी अक्षरं देणारा एकच फॉन्ट होऊ शकत नाही.

तपास सोपा आहे. डेटामधल्या सगळ्या वेगवेगळ्या अक्षरांचा संच करा, फॉन्टचा कॅरेक्टर-मॅप वाचा आणि पहिल्यातून दुसरा वजा करा. जे उरेल ते उमटणार नाही. मग त्या अक्षरांसाठी तिसरा फॉन्ट यादीत जोडा. विशेषतः माणसांच्या नावांचा आलेख असेल तर हे टाळू नका. एखाद्याचं नाव चौकोनात जाणं ही किरकोळ चूक नाही.

डेटा वाचण्यातला दोष

चिनी विंडोजवरच्या एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत साठवलेली फाइल बहुधा जीबीके असते. पांडाज या पायथनच्या डेटा-लायब्ररीने ती यूटीएफ-८ समजून वाचली की 'डी६ हा बाइट वाचता येत नाही' अशा स्वरूपाची एरर येते. 'मध्य'च्या त्याच अक्षराचे जीबीके बाइट डी६ डी० आहेत आणि यूटीएफ-८ बाइट ई४ बी८ एडी. एन्कोडिंगमध्ये जीबी१८०३० लिहा. ते जीबीकेला पोटात घेतं, त्यामुळे जीबीके लिहिण्यापेक्षा सुरक्षित. तैवानहून आलेली जुनी फाइल असेल तर बिग५ (पारंपरिक चिनीचं एन्कोडिंग) असण्याची शक्यता मोठी.

एरर आली की 'एरर्स इग्नोर' किंवा 'रिप्लेस' लावून पुढे जाण्याचा मोह होतो. कृपया तसं करू नका. इग्नोरने अक्षरं गळतात आणि रिप्लेसने त्यांच्या जागी एकच ठरावीक चिन्ह बसतं. नंतर ती फाइल साठवली की मूळ मजकूर कायमचा गेला. यूटीएफ-८ मधली अशी दोन चिन्हं शेजारी आली आणि पुढे कुणी ती जीबीके म्हणून वाचली, की दर वेळी तीच तीन निरर्थक चिनी अक्षरं मिळतात. चिनी प्रोग्रॅमर ती बघताक्षणी ओळखतात. तुमच्या आलेखात एकच तीन-अक्षरी तुकडा पुन्हा पुन्हा दिसत असेल तर मूळ फाइल नव्याने मागवा, दुसरा इलाज नाही.

पायथनच्या साध्या ओपनने वाचत असाल तर एन्कोडिंग नेहमी स्पष्ट लिहा, कारण विंडोजवर न लिहिल्यास ते सिस्टिमच्या भाषेप्रमाणे ठरत आलं आहे. फाइल एक्सेलने यूटीएफ-८ म्हणून साठवली असेल तर सुरुवातीला बीओएम नावाची अदृश्य खूण असते. तेव्हा यूटीएफ-८-सिग वापरा, नाहीतर ती खूण पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटून राहते.

पडद्यावर ठीक, पीडीएफमध्ये नाही

मॅटप्लॉटलिब पीडीएफमध्ये फॉन्ट मूळतः टाइप ३ म्हणून घालतं. आकार बरोबर दिसतात, पण चिनी मजकूर निवडताना किंवा शोधताना अडचण येते. पीडीएफ-डॉट-फॉन्टटाइप ४२ करून पाहा, अनेक नियतकालिकंही तेच मागतात. ३.५ च्या आधी टाइप ४२ मध्ये पूर्ण फॉन्ट आत जायचा आणि चार अक्षरांसाठी फाइल कित्येक एमबींची व्हायची. आता वापरलेली अक्षरंच जातात. एसव्हीजीमध्ये मूळ सेटिंग अक्षरांच्या रेषा करून ठेवते, ती बदलू नका. ती 'नन' केली तर बघणाऱ्याच्या मशीनवर फॉन्ट असावा लागतो.

आर

आरच्या साध्या पीडीएफ डिव्हाइसमध्ये चौकोनांऐवजी प्रत्येक अक्षरामागे ठिपके येतात. फॅमिली म्हणून जीबी१ दिली तर अक्षरं येतात, पण फॉन्ट फाइलमध्ये घातला जात नाही, वाचणाऱ्याच्या सॉफ्टवेअरवर भिस्त राहते. कैरो-पीडीएफ त्याहून बरं, मॅकवर त्यासाठी एक्सक्वार्ट्झ लागतं. पीएनजी हवी असेल तर मी रॅग पॅकेज सुचवेन: ते सिस्टिमचे फॉन्ट स्वतः शोधतं आणि एखादं अक्षर नसेल तर दुसरा फॉन्ट पाहतं.

शोटेक्स्ट पॅकेजही लोकप्रिय आहे आणि फाइलवरून फॉन्ट जोडता येत असल्याने सगळीकडे सारखं चालतं. त्याची एक खोड लक्षात ठेवा: त्याचा मूळ डीपीआय ९६ आहे. जीजीसेव्हमध्ये ३०० लिहिलं की अक्षरं मुंगीएवढी होतात. शोटेक्स्ट-ऑप्ट्समध्येही ३०० करा. आर-मार्कडाउनमध्ये फिग-डॉट-शोटेक्स्ट हा पर्याय ट्रू करावा लागतो. विंडोजवर आर ४.२ च्या आधीची आवृत्ती असेल तर आधी ती बदला. २०२२ मध्ये आलेल्या ४.२ पासून विंडोजवरही यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग झालं आणि बऱ्याचशा तक्रारी तिथेच मिटल्या.

इतर सॉफ्टवेअर

न्यूप्लॉटमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगा आणि टर्मिनल पीएनजी-कैरो किंवा पीडीएफ-कैरो घ्या. जुनं साधं पीएनजी टर्मिनल जीडी लायब्ररीवर चालतं, त्याला बहुधा फॉन्ट-फाइलचा पत्ताच द्यावा लागतो. मॅटलॅबमध्ये अक्ष आणि मजकूर दोन्हींच्या मूळ फॉन्टचं नाव बदला. आर२०२०ए पासून नव्या फाइली यूटीएफ-८ मध्ये साठवल्या जातात, तेव्हा जुन्या जीबीके स्क्रिप्ट एकदा बदलून घ्या. प्लॉटली आणि ईचार्ट्स ब्राउझरमध्ये रंगतात, म्हणून पडद्यावर क्वचितच त्रास देतात. प्लॉटलीचं चित्र कलेइडो या चित्र साठवणाऱ्या साधनाने सर्व्हरवर काढलं की मात्र चौकोन येतात, कारण तिथल्या क्रोमियमला फॉन्ट मिळत नाही. सर्व्हरवर नोटो सीजेकेचं पॅकेज बसवलं की कोडमध्ये काही न बदलता प्रश्न सुटतो.

हेच सगळं वापरून मॅटप्लॉटलिबमध्ये देवनागरी लेबलं टाकायचा विचार असेल तर एक सूचना. चिनी अक्षर एका क्रमांकाला एक आकार असं चालतं, म्हणून योग्य फॉन्ट मिळाला की काम होतं. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी सरकवावी लागते आणि जोडाक्षरं जुळवावी लागतात. ती जुळणी मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या बॅकएंडमध्ये वर्षानुवर्षं नव्हती. त्यामुळे चौकोन गेले तरी वेलांट्या भलत्याच जागी आणि जोडाक्षरं सुटी दिसू शकतात. तिथे फॉन्ट बदलत बसू नका. एमपीएल-कैरो बॅकएंड राक्म या अक्षरजुळणीच्या लायब्ररीसह, आरमध्ये रॅग, न्यूप्लॉटमध्ये कैरो टर्मिनल किंवा ब्राउझरमध्ये रंगणारी लायब्ररी, यांपैकी एक निवडा.